पायगुण

तळं म्हणजे काय, गुडघाभर गढूळ चहा.
आधी गुरं उतरतात, मग बायका, मग आभाळ.
काठावर बाभळीखाली माझी खुर्ची,
एक पाय तुटका, तिथे दगड.
इथे बसून मी पाय मोजतो.

चेहरे बघत नाही.
लंगडणारा, बोटांवर चालणारा, घोट्याला चिंधी बांधलेला
मी लांबूनच ओळखतो.
उठतो, काठी आडवी धरतो, म्हणतो, थांब.

जुबाहून एक पोरगा आला होता, सरकारी.
त्याने काचेच्या बरणीत पाणी उन्हाकडे धरलं,
मला भिंग दिलं.
आत ठिपके उड्या मारत होते,
ज्वारीच्या कोंड्याहून बारीक.
म्हणाला, नारूची पिल्लं यांच्या पोटात,
आणि हे तुमच्या पोटात.
इतकं साधं.
त्याआधी आमच्याकडे कारणं पुष्कळ होती:
कुणाचा शाप, देज देताना लपवलेली गाय,
लढाईत न पुरलेली हाडं.
खरं सांगू, ती कारणं मला जास्त पटायची.
त्यांत निदान कुणीतरी रागावलेलं असायचं.

या किड्याला राग नाही.
वर्षभर तो माणसात राहतो, पोटभाडेकरू,
हातभर वाढतो, मग खाली उतरतो,
घोट्यापाशी निखारा ठेवून दार उघडतो.
माणूस धावतो पाण्याकडेच.
एवढ्यावर त्याचा संसार चालतो.
आणि गार वाटतं. खोटं कशाला बोलू, फार गार वाटतं.

त्या वर्षी मी इथेच पाय सोडून बसलो होतो,
आता खुर्ची आहे तिथे.
पाण्यात दुधासारखं काही पसरलं.
मला वाटलं, दुखणं निघून चाललं.
चाललंच होतं.
पलीकडे आवूत घडा भरत होती, माझी मुलगी.
मी म्हटलं, घोटभर तूही पी, ऊन आहे.

पुढच्या पेरणीला अकरा घरांत काड्या दिसल्या.
काडी म्हणजे, किड्याचं डोकं तिला गुंडाळायचं,
रोज दोन बोटं, फार तर तीन.
ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो.
आवूतचा बावीस दिवस गुंडाळला.
तेविसाव्या दिवशी शेळीने काडीला धक्का दिला.
तिचा गुडघा आता सरळ होत नाही.
लोक सुनेचा पायगुण बघतात,
माझा अकरा घरांनी बघितला.
आवूत काही बोलली नाही कधी.
फक्त मला पाणी देताना
मडकं खाली ठेवते आणि हात काढून घेते.

म्हणून ही राखण. गाव मला पाण्यात पाहतं.
म्हातारे म्हणतात, बापजाद्यांचं तळं, याला कोण विचारतो?
बायका फडकं आणायचं विसरतात,
मी माझं देतो, घड्याच्या तोंडाला बांधतो.

आज दुपारी मान्यांग आला, गुरांच्या तळावरून,
नऊ वर्षांचा, रडत, धावत.
मी कवेत धरला. मनगटाला चावला.
खाली बसवला, वाळूत खड्डा केला,
माझ्या मडक्यातलं पाणी त्याच्या पायावर ओतलं,
सगळं खड्ड्यात, वर माती.
"तळ्यातलं जास्त गार असतं," हुंदके देत म्हणाला.
"असतं रे."

मग त्याला पाठीवर घेतला, दवाखान्याच्या झोपडीकडे निघालो,
आणि तेव्हा दिसलं,
दुसऱ्या पायाच्या पोटरीपर्यंत चिखल,
सुकत आलेला, तळ्याचा काळा चिखल.
"सकाळी आला होतास? मी भाकर खायला गेलो तेव्हा?"
त्याने तोंड माझ्या मानेत लपवलं.

निरोप धाडलाय. तळ्यात टाकायचं औषध चार दिवसांनी येईल.
तोवर फडकं दुहेरी बांधतोय.
आज सकाळी किती घडे गेले, आठवून बघितलं.
सात. कदाचित आठ.
खुर्चीखालचा दगड सरकला होता, नीट लावला.
बसलो.
पुढच्या वर्षी याच सुमाराला कळेल.